कोणती भाषा शिकू, असं विचारलंस म्हणून

गंगापूर रोड, नाशिक

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा वाचला. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा तो प्रश्न नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. "मॅडम, प्रोग्रामिंगची अशी कोणती भाषा शिकू की पुन्हा नवी शिकायची वेळच येणार नाही?" असं तू विचारलंस. वर्गातला एक मित्र जावा सांगतो, दुसरा म्हणतो पायथन पुरे, क्लासवाले भलंमोठं पॅकेज गळ्यात मारू बघतात, आणि निफाडला घरी गेलास की वडील विचारतात, हे शिकणं संपणार कधी. कांद्याच्या पैशातून फी भरणाऱ्या घरातला मुलगा असाच विचार करणार. तो करायलाच हवा.

तशी भाषा नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तिच्या शोधात तुझं वर्ष जायचं नाही. मी जीडब्ल्यू-बेसिकपासून सुरुवात केली. मग फॉक्सप्रो, सी, व्हिज्युअल बेसिक, जावा, एसक्यूएल, पायथन, मधेच सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या मशिनींची भाषा, आणि अलीकडे रस्ट. दर वेळी आजूबाजूला कुणीतरी छातीठोकपणे सांगत होतं की आता हीच कायमची. यातल्या काहींवर आज कुणी नवं काम सुरू करत नाही. तरी एकीवरही घालवलेला वेळ फुकट गेला असं मला वाटत नाही. ते का, तेच तुला सांगायचं आहे.

नवी भाषा हातात घेतली की मी एकच गोष्ट शोधते. ही भाषा मला काय पुढे ढकलू देत नाही? प्रोग्राम लिहिताना आपण कितीतरी निर्णय नकळत टाळत असतो. आकडा केवढा मोठा होऊ शकतो, माहिती मिळालीच नाही तर काय करायचं, घेतलेली मेमरी काम झाल्यावर परत कोण करणार, मधेच काही कोसळलं तर अर्धवट राहिलेल्या कामाचं काय. प्रत्येक भाषेने यातले काही प्रश्न स्वतःच्या अंगावर घेतलेले असतात, आणि एखाद-दुसरा प्रश्न ती दारातच तुझ्यापुढे ठेवते. त्याचं उत्तर दिल्याशिवाय आत घेत नाही. तो प्रश्न सापडला की भाषा निम्मी कळली समज. बाकीचं व्याकरण हात फिरता फिरता अंगवळणी पडतं.

उदाहरणावाचून हे पटायचं नाही. तुझ्या घरचा कांदा लासलगावला जातो, तर हिशोबपट्टीच घेऊ. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो, माल उतरवून रिकामा पुन्हा काट्यावर येतो, दोन वजनांतला फरक म्हणजे माल. भाव लिलावात ठरलेला. गुणाकार करायचा, त्यातून काही वजावट असेल तर ती करायची, की पट्टी तयार. समज माल भरला २३ क्विंटल ४५ किलो आणि भाव मिळाला १,८५० रुपये क्विंटल. वजावटीच्या आधी कागदावर ४३,३८२ रुपये ५० पैसे. हा हिशोब तू शाळेत असल्यापासून तोंडी करतोस. आता तोच भाषांमधून फिरवून बघ.

काही कॉलेजांत सी अजूनही टर्बो सीवर, म्हणजे प्रोग्राम मशिनच्या भाषेत उतरवणाऱ्या एका जुन्या कंपायलरवर, शिकवतात. तिथे साध्या पूर्णांकाला १६ बिट (० किंवा १ मावेल अशा जागा) मिळतात, म्हणजे ३२,७६७ च्या वरचा आकडा त्यात मावत नाही. किलो बाजूला ठेव. एका इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या कप्प्यात, २३ धर, दुसऱ्यात १,८५०, आणि गुणाकार तिसऱ्यात. खरं उत्तर ४२,५५०. पडद्यावर येईल उणे २२,९८६. कंपायलर चकार शब्द काढणार नाही, प्रोग्राम बंदही पडणार नाही, आणि ज्याने कांदा विकला तोच देणेकरी ठरेल. हा आकडा कुठून आला ते शोधायला ४२,५५० मधून ६५,५३६ वजा करून बघ. १६ बिटांत एकूण ६५,५३६ आकडे बसतात, निम्मे शून्याखालचे आणि निम्मे शून्यापासून वरचे. वरची हद्द ओलांडली की मोजणी खालच्या टोकापासून पुन्हा सुरू होते.

आजच्या कंपायलरवर इंट ३२ बिटांचा असतो आणि हा हिशोब बरोबर येतो. म्हणून प्रश्न मिटला असं समजू नकोस. हद्द फक्त पुढे सरकली. ३२ बिटांत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. रक्कम पैशांत धरलीस तर ते झाले साधारण २ कोटी १४ लाख रुपये. एका पट्टीला ते रग्गड आहेत, पण मोठ्या बाजार समितीच्या दिवसभराच्या उलाढालीची बेरीज करायला गेलास तर तेवढ्यात भागेल याची खात्री कोण देणार? आकडा कुठवर जाईल हे तुला माहीत असतं, सीला नसतं. म्हणून प्रत्येक आकड्याची जागा केवढी हवी, हे ती तुझ्याच तोंडून वदवून घेते. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास ही भाषा घडवली आणि तिच्यात युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने लिहिली गेली. ज्यांना मशिनच्या मेमरीवर थेट हात ठेवायचा होता अशा माणसांची ती भाषा. तिने अडवलेलं असतं ते याच ठिकाणी.

तुला येते ती पायथन याबाबतीत उदार आहे. तिच्यातला पूर्णांक हवा तेवढा वाढतो. पण दशांश आला की तिथेही जरा थांब. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज मागितलीस तर ती ०.३०००००००००००००००४ असं उत्तर देते. जावास्क्रिप्टही तेच देते, कारण दोघी आकडा फक्त ० आणि १ च्या द्विमान पद्धतीत साठवतात, आणि एक दशांश तसा अचूक लिहिताच येत नाही, जसा एक तृतीयांश आपल्याला दशांशात पुरा लिहिता येत नाही. एका पट्टीत हा फरक दिसणार नाही. हंगामाची बेरीज करून रोजमेळ जुळवायला बसलास की पैशाचा फरक निघेल, आणि तो शोधताना संध्याकाळ जाईल. पैसे मोजायचे असतील तर पैशांत पूर्णांक धर, नाहीतर पायथनचा डेसिमल हा दशांश अचूक ठेवणारा प्रकार वापर. यावर माझं दुसरं मत नाही.

कोबोलला लोक जुनाट म्हणून हिणवतात. मला ते आवडत नाही. १९५९ मध्ये एका समितीने तिचा पाया घातला, आणि त्यामागे ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या फ्लो-मॅटिक भाषेचा मोठा हात होता. तिच्यात रकमेसाठी जागा आखतानाच दशांशाच्या आधी किती अंक आणि नंतर किती, हे लिहावं लागतं. म्हणजे पैशाचं रूप काय, हा प्रश्न तिने पहिल्याच पानावर ठेवला. बँका इतकी वर्षं तिला धरून आहेत त्याला हेही एक कारण आहे. तू कोबोल शीक असं मी म्हणत नाही. पण एक दुपार तिच्यासाठी काढ आणि तेवढा एक भाग बघून ठेव.

फॉक्सप्रोबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नाशिकच्या व्यापाराचे हिशोब मी पहिल्यांदा तिच्यात बांधले. अडत्यांच्या खतावण्या, बेदाण्याचा साठा, सहकारी पतसंस्थांची खाती, सगळं डीबीएफ फाइलींत. तिच्यात तुझं बोट सतत एका नोंदीवर असतं. पहिल्या नोंदीपासून निघायचं, हवी ती सापडली की बेरजेत धरायची, पुढच्या नोंदीवर जायचं. वहीवरून बोट फिरवत बेरीज मारणाऱ्या दिवाणजीला हे लगेच समजायचं, म्हणून ती इतकी पसरली. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला माहिती विचारायची भाषा, शिकताना हे बोट उचलावं लागतं. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडायच्या पद्धतीवर, ती उभी आहे, आणि तिथे एक-एक नोंद असं काही धरायचंच नाही. "गावागावाप्रमाणे क्विंटलची बेरीज दे" इतकंच सांगायचं. कुठून सुरुवात करायची, कोणती इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून केलेली सूची) वापरायची, ते डेटाबेस बघून घेतो. काय हवं ते नेमकं सांगता येतं का, हा एसक्यूएलचा प्रश्न. पुष्कळांना येत नाही. कसं करायचं हे सांगत सांगतच आपल्याला काय हवं ते उमगतं, अशी आपली सवय असते.

तिची आणखी एक मेख आहे. समज, काही ट्रॅक्टर आवारात उभे आहेत पण लिलाव व्हायचाय, म्हणून भावाचा रकाना रिकामा आहे, म्हणजे नल. आता माग, "ज्यांचा भाव १,८५० नाही असे सगळे लॉट दाखव." उभे असलेले ट्रॅक्टर यादीत येणार नाहीत. त्यांचा भाव १,८५० आहे की नाही हे माहीतच नाही, आणि जे माहीत नाही ते एसक्यूएल होमध्येही धरत नाही, नाहीमध्येही नाही. नवख्या मुलांना हा दोष वाटतो. मला हा तिचा प्रामाणिकपणा वाटतो. शून्य भाव, भाव ठरायचा बाकी, आणि भाव लिहायचा राहिला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे शेतकऱ्याच्या मुलाला मी समजावून सांगावं असं नाही.

आता एक गंमतशीर पण फार कामाचा प्रयोग देते. "नाशिक" हा शब्द घे आणि त्याची लांबी निरनिराळ्या भाषांना विचार. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या खुणांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, यूटीएफ-८ मध्ये लिहिला असेल तर सी म्हणेल १५. पायथन ३ म्हणेल ५. स्विफ्ट म्हणेल ३. तिघीही बरोबर आहेत. सी बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे गठ्ठे, मोजते, आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तिथे ३ बाइट लागतात. पायथन न, काना, श, वेलांटी, क अशा ५ खुणा मोजते. स्विफ्ट ना, शि, क अशी आपल्या डोळ्यांना दिसणारी ३ अक्षरं मोजते. आता पट्टीवर शेतकऱ्याचं नाव छापताना २० अक्षरांनंतर कापायचं ठरवलंस, तर कशाची २०? बाइटांवर कापलंस तर शेवटचं अक्षर अर्धं तुटून चौकोन छापला जाईल. खुणांवर कापलंस तर कुणाच्या आडनावाची वेलांटी जाईल. इंग्रजीत काम करणाऱ्याला हा फरक वर्षानुवर्षं दिसत नाही, कारण तिथे तिन्ही मोजणी बहुतेक वेळा सारख्या येतात. तू मराठीत नावं छापणार आहेस, म्हणून तुला तो पहिल्याच आठवड्यात दिसेल. आमच्या वेळी मराठी मजकूर फाँटाच्या कोडमध्ये असायचा, फाँट बदलला की नावाचा पार चिखल व्हायचा. युनिकोडने ते दिवस संपवले, पण मोजायचं काय हा निर्णय अजून तुझाच आहे.

आणि आता कारखान्यातल्या भाषा. तुमच्या अभ्यासक्रमात त्यांना कुणी प्रोग्रामिंगमध्ये धरत नाही आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण सातपूर आणि अंबड एमआयडीसी तुझ्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर आहेत. व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणाऱ्या मशिनवर, चालणारा जी-कोड घे. एक ओळ आहे : जी०१, झेड उणे २. अर्थ काय? वर कुठेतरी जी९० दिलेला असेल तर अर्थ असा की ठरवलेल्या शून्यापासून २ मिलिमीटर खाली जा. जी९१ दिलेला असेल तर, आत्ता जिथे आहेस तिथून आणखी २ मिलिमीटर खाली जा. ओळ तीच, अक्षर न अक्षर तेच, आणि टूल दोन वेगळ्या जागी. प्रोग्राम मधूनच सुरू करायची वेळ आली आणि यातलं कोणतं लागू आहे हे ऑपरेटरला ठाऊक नसेल, तर टूल थेट जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) किंवा तो धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरमध्ये घुसतं. म्हणून चांगला सेटर प्रत्येक टूलच्या सुरुवातीला जी९० पुन्हा लिहितो, आधी लिहिलेला असला तरी. जुनी अवस्था गृहीत धरून पुढे जाणं किती महागात पडतं, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या मशिनपाशी जास्त नीट कळलं. पुढे हॅस्केलमध्ये एकदा ठरलेलं मूल्य बदलतच नाही हे वाचलं, तेव्हा तो हट्ट कशासाठी आहे ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पीएलसी, म्हणजे कारखान्यातली मशिनं चालवणारा छोटा संगणक. त्याची लॅडर ही चित्रासारखी भाषा तर आणखी वेगळी. दोन उभ्या रेषा, मधे शिडीच्या पायऱ्यांसारख्या ओळी. आपल्या प्रोग्रामसारखी ती एकदा वरून खाली चालून संपत नाही. पीएलसी सगळे इनपुट वाचतो, सगळ्या पायऱ्या सोडवतो, आउटपुट देतो, आणि काही मिलिसेकंदांत पुन्हा पहिल्यापासून. दिवसरात्र हेच. त्यामुळे एकाच मोटरचं आउटपुट दोन पायऱ्यांत लिहिलंस, तर साधारणपणे खालच्या पायरीचं म्हणणं चालतं आणि वरची असून नसल्यासारखी होते. मोटर चालू ठेवायची साधी पायरी बघ : स्टार्ट बटणाला समांतर मोटरचा स्वतःचाच संपर्क जोडतात, म्हणजे बटण सोडलं तरी मोटर स्वतःला धरून ठेवते. आणि त्यांच्यापुढे स्टॉप. हे स्टॉप बटण मुद्दाम असं जोडतात की एरवी त्यातून करंट चालू असतो आणि दाबलं की तुटतो. असं का? उंदराने वायर कुरतडली, जोडणी सैल पडली, तरी करंट तुटतो आणि मशिन थांबतं. उलट जोडलं असतं, तर वायर तुटलेली आहे हे ज्या दिवशी कुणी जिवाच्या आकांताने बटण दाबेल त्या दिवशी कळलं असतं. बिघाड झाला तर कुठल्या बाजूला पडायचं, हा प्रश्न वेब अॅप लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही. लॅडर लिहिणाऱ्याला तो रोज विचारला जातो, कारण समोर माणसाचा हात असतो.

एर्लँगने हाच प्रश्न टेलिफोनच्या दुनियेत विचारला. जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ पासून एरिक्सनमध्ये ती घडवली. एक कॉल कोसळला तर बाकीचे चालू राहिले पाहिजेत, म्हणून काम छोट्या स्वतंत्र प्रक्रियांत वाटायचं, आणि पडलेल्याला पुन्हा उभं करायला वर एक देखरेख करणारी प्रक्रिया ठेवायची. रस्ट, जिची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली, विचारते की ही वस्तू आत्ता नेमकी कोणाच्या मालकीची. एखादी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) फंक्शनला देऊन टाकलीस आणि पुढच्या ओळीत पुन्हा वापरायला गेलास, तर कंपायलर तिथेच अडवतो : ती तुझी राहिली नाही. सुरुवातीला फार चिडचिड होते. पण ज्याने सीमध्ये मेमरी परत कोण करणार या प्रश्नाशी झुंज घेतली आहे, त्याला हा कंपायलर मदतीला आल्यासारखा वाटतो. म्हणून रस्टच्या आधी सी, असं माझं मत आहे. पुष्कळ जाणती माणसं उलट सांगतील. त्यांचंही ऐक.

नव्या भाषांचा गाजावाजा होतो तेव्हा एक लक्षात ठेव, त्यांतल्या कल्पना सहसा जुन्या असतात. वापरून झालेली मेमरी आपोआप गोळा करणं हे जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पसाठी १९५९ च्या सुमारास सुचलं. साध्या नोकरदार प्रोग्रामरच्या हातात ते आलं १९९५ मध्ये जावाबरोबर. लॅम्ब्डा, म्हणजे नाव न देता जागच्या जागी लिहिलेलं फंक्शन, तोसुद्धा लिस्पमध्ये होता, जावात तो २०१४ मध्ये आला. जावा ८ आली तेव्हा भोवताली बऱ्याच जणांना ती नवी वाटली आणि अवघडही. ज्यांनी तरुणपणी हौसेने का होईना हॅस्केलसारखी एखादी फंक्शनल भाषा चाळली होती, ते दुसऱ्या दिवसापासून लिहू लागले. कंपनीत जी भाषा चालते तिच्यावर पोट भरतं. पण पुढे काय येणार आहे हे बऱ्याचदा त्या भाषांत आधी दिसतं ज्यांच्यावर कुणाचंच पोट भरत नाही.

आणि भाषा संपतातही. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये आली आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिला आधार देणं थांबवलं. मी ते जवळून पाहिलंय. ज्यांना फक्त कमांड पाठ होत्या त्यांना ते फार जड गेलं. चाळिशीच्या घरात पुन्हा पहिलीत बसल्यासारखं वाटतं, आणि घरी ते सांगताही येत नाही. ज्यांना जमा-नावे कळत होतं, इंडेक्स आतून कशी चालते हे माहीत होतं, एकाच वेळी दोन कारकुनांनी एकच नोंद उघडली तर काय होतं याचा विचार केलेला होता, ते वर्षभरात दुसऱ्या भाषेत स्थिरावले. डीबीएफ फाइली तर अजून निघतात. मागच्याच वर्षी एका पेढीच्या जुन्या नोंदी पायथनने वाचून नव्या डेटाबेसमध्ये भरल्या. भाषा गेली, नोंदी राहिल्या. त्या वाचू शकणारा माणूसही लागतोच.

तू मराठी माध्यमातून आलास आणि इंग्रजीची धास्ती वाटते, असं मागे एकदा म्हणाला होतास. १९८९ च्या प्रमाण सीमध्ये राखीव शब्द फक्त ३२ आहेत. गो भाषेत २५. एवढं इंग्रजी कुणालाही येतं. घोडं अडतं ते एरर मेसेज वाचताना, कारण मुलं तो वाचतच नाहीत. लाल अक्षरं दिसली की कॉपी करून कुठेतरी टाकतात. तू एक नियम कर : मेसेज पूर्ण वाचायचा, त्यातली ओळ क्रमांकासकट शोधायची, आणि तो काय म्हणतोय ते वहीत मराठीत लिहायचं. मग हवं तर एआयला विचार. त्याला विचारू नकोस असं मी म्हणणार नाही, मीही विचारते. पट्टीचा प्रोग्राम तो क्षणात लिहून देईल, कुठल्याही भाषेत. पण रक्कम कशात साठवली, नल आला तर काय होतं, नाव कुठे कापलं, हे बघायची जबाबदारी ज्याच्या नावावर काम आहे त्याची. पट्टी चुकली तर शेतकरी एआयकडे जाणार नाही, तुझ्याकडे येईल.

बायोडाटावर दहा भाषांची नावं लिहिणाऱ्या मुलांना मी मुलाखतीत एवढंच विचारते की यातली एक निवड आणि तिने तुला कुठे छळलं ते सांग. ज्याने खरंच काम केलंय तो खुलून बोलतो. बाकीचे गप्प होतात. तू दहांच्या मागे लागू नकोस.

आता तुझ्यापुरतं सांगते. पायथन सोडू नकोस, येते तेवढ्यावर समाधानही मानू नकोस. या सत्रात सी घे, पण टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर करू नकोस, जीसीसी हा आजचा कंपायलर टाकून घे आणि सगळ्या वॉर्निंग चालू ठेव. एसक्यूएल रोज थोडं, त्यासाठी वेगळा कोर्स नको. एसक्यूलाइट फुकट आहे आणि तुझ्या लॅपटॉपवर सहज चालतं. वडिलांकडे मागच्या हंगामाच्या पट्ट्या असतील, त्या एका टेबलात भर. खऱ्या पट्ट्या घे, मनाने रचलेले आकडे नकोत, कारण खऱ्यातच रिकामे रकाने आणि खाडाखोड असते. मग तोच हिशोब सीमध्ये लिही, पायथनमध्ये लिही, आणि दोन्हीकडे पैशापर्यंत जुळतो का बघ. हे नीट झालं की पुढच्या वर्षी रस्ट किंवा एर्लँग, जी मनाला भावेल ती. जावास्क्रिप्टची घाई नको, पहिल्या नोकरीत ती हात धरून शिकवतीलच. आणि नव्या भाषेत जुन्या भाषेसारखं लिहीत बसू नकोस. एसक्यूएलमध्ये एक-एक नोंद फिरवण्याचा मोह झाला, तर समज की बोट अजून वहीवरच आहे.

वडिलांना माझा नमस्कार सांग. शिकणं संपणार कधी असं त्यांनी पुन्हा विचारलं तर त्यांना ठिबकच्या कंट्रोलरबद्दल विचार. बागेला तो बसवून घेतला तेव्हा त्यांनी स्वतः मॅन्युअल समोर ठेवून वेळा लावल्या होत्या, तूच सांगितलं होतंस.

पुढच्या मंगळवारी दुपारी मी सातपूरला एका कारखान्यात पीएलसीचं काम बघायला जाणार आहे. तुला यायचं असेल तर मालकांची परवानगी मी काढून ठेवते. सीबीएसवरून त्र्यंबक रोडने जाणारी सिटीलिंक बस पकड आणि सातपूरला उतरून फोन कर. पायांत बूट हवेत, चपलेवर शॉपफ्लोअरवर सोडत नाहीत. पट्ट्यांचं टेबल जेवढं झालं असेल तेवढं लॅपटॉपवर घेऊन ये.

तुझी,
मॅडम